चित्रातला दिवा

चित्रात काढलेल्या दिव्याने अंधार हटत नाही, हे लहान मूलही जाणते. तरीही खरा उजेड कोणता आणि उजेडाचा देखावा कोणता, हे ओळखताना जाणतेही चुकतात. या प्रश्नाचा एक मार्मिक उलगडा आम्हांला अनपेक्षित ठिकाणी, तरुणांच्या एका खेळाच्या नियमांत, सापडला.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या अमेरिकनांनी रचलेला खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण कथा पुढे नेतो आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘मायनर इल्यूजन’ नावाचा मंत्र आहे. त्याने पाच फुटांच्या चौकोनी जागेत मावेल अशा वस्तूचा आभास मिनिटभर उभा करता येतो. पण त्या आभासाला ना गंध, ना प्रकाश. भुयारात पेटती मशाल भासवली, तरी तिने शेजारचा दगड उजळत नाही. उलट ‘लाइट’ हा साधा मंत्र एखाद्या खड्यावर घातला, तर तो सभोवार वीस फूट लख्ख आणि त्यापुढे वीस फूट मंद उजेड देतो.

मग हा आभासांचा खेळ म्हणजे असत्यच नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. असत्याचे मूळ फसवण्याच्या हेतूत असते, असे संत ऑगस्टीन यांनी दाखवून दिले आहे. टेबलाभोवतीचे सारे जण ही कल्पना आहे हे जाणतात. तेथे कोणी कोणाला फसवत नाही. चित्र हे चित्रच आहे, ही गोष्ट लपवली की असत्य सुरू होते.

त्या खेळात आभासाला हात लावताच तो आरपार जातो. नुसते निरखून पारख करायची, तर आपल्या पाळीतली कृती खर्चावी लागते. जीवनातही पारख फुकट होत नाही. देणगीच्या फलकावर आपले नाव झळकते; पण घरच्या आजारी माणसाला रात्री पाणी द्यायला आपण उठतो काय? आभास नजर स्वतःकडे ओढतो, प्रकाश मात्र दुसऱ्याला दृश्यमान करतो. आपल्या उजेडात शेजाऱ्याचा चेहरा दिसतो की केवळ आपलाच, एवढे प्रत्येकाने पडताळून पाहावे.