ढगाच्या माथ्यावरची वीज

(शास्त्रपाठ : ईयोब ३८, लूक १३.१–५)



मृग जवळ आला कीं टेंभुर्णीच्या शिवारावर सायंकाळीं ढग दाटतात, वीज कडाडते, आणि पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्याही छातींत धडकी भरते. ही वीज आपण नेहमीं खालून पाहतों. परंतु कांहीं वीज ढगाच्या माथ्यांतून निघून वर आकाशाकडे जाते, हें आपणांपैकीं किती जणांस ठाऊक आहे?

१९८९ सालच्या जुलैच्या ६ व्या तारखेस अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतीं जॉन विंकलर व त्यांचे सहकारी एक कॅमेरा तपासून पाहत होते. त्यांत दूरच्या वादळावर उंच चढलेले दोन प्रकाशस्तंभ अकस्मात टिपले गेले. तत्पूर्वीं वैमानिक अशा उजेडाची हकीकत सांगत, पण चित्राचा पुरावा नव्हता. पुढें २०१५ सालीं अंतराळस्थानकावरून आंद्रेआस मोगेन्सन यांनीं आपल्या बंगालच्या उपसागरावरील वादळाचें चित्रण केलें. त्यांत निळी वीज सुमारें ४० किलोमीटर उंचीपर्यंत चढलेली दिसली. गडगडाटी ढगांत बहुधा वर धन व खालीं ऋण विद्युत् सांठते. त्यांचा तोल बिघडला म्हणजे कधीं कधीं विद्युत् माथ्यांतून वर निसटते.

पाहा, हजारों वर्षें मनुष्य ढगाखालीं उभा राहिला, तरी ढगावर काय चालतें हें त्यास कळलें नाहीं. परमेश्वरानें विजेविषयीं प्रश्न केले तेव्हां ईयोबही निरुत्तर झाला.

असें असतां, गांवांत कोणावर वीज पडली कीं, "त्याचें पाप भरलें," असें आपण किती सहज बोलतों! विजेची एक बाजूही ज्यांनीं पुरती पाहिली नाहीं, त्यांनीं शेजाऱ्याच्या अंतःकरणाचा न्याय करावा काय? शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें. आणि ऐकणाऱ्यांसच पश्चात्ताप करण्यास बजाविलें.

म्हणून गडगडाट ऐकूं येतांच झाडाखालून निघा, पक्क्या घरांत जा. कोणावर वीज पडली तर त्यास स्पर्श करण्यास भिऊं नका. त्याच्या अंगांत वीज राहत नाहीं. त्यास उचला, त्वरेनें दवाखान्यांत न्या. आणि ज्या घरीं शोक आहे, तेथें दोष घेऊन नव्हे, तर भाकर व सांत्वन घेऊन जा. प्रभु आपणांस तशी बुद्धि देवो. आमेन.