ठशाआडची चांदी

१९०६ साली नाशिकजवळ गोदाकाठी जोगलटेंभीला चांदीची १३ हजारांवर नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची, चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरे. त्यांतल्या ९ हजारांवर नाण्यांवर जेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला. वितळवली मात्र नाहीत. ठशाआडून कुठे जुने नाक, कुठे जुने अक्षर अजून दिसते.

तीच गोदा पुढे आमच्या गंगाखेडला येते. आम्हा परभणीकर मुसलमानांच्या वाडवडिलांनी निजामाचा हाली सिक्का वापरला. १९४८ला संस्थान गेले, १९५६ला मुंबई राज्य आले, १९६०ला महाराष्ट्र. नवा ठसा आम्ही नाकारला नाही. मुलांना मराठीतच शिकवले. पण जुना पुसून दाखवा, ही अट कुठली? जिंकलेल्या सातकर्णीनेही ती घातली नव्हती. पेटीतला आजोबांचा उर्दू दस्त बाहेर काढला, की आजही कुणी तरी विचारतेच, 'तुम्ही मूळचे कुठले?'