हाताच्या सुखाचा प्रश्न

ज्या वस्तूला आपण दिवसातून हजारो वेळा स्पर्श करतो, तिच्याविषयी चोखंदळ असणे हा विवेक की चैन? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्यांचा संसार बोटांच्या टोकांवर चालतो अशा आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या कारकुनांस तो टाळता येत नाही. दिवसभर कार्यालयात टिप्पण्या, मसुदे आणि तक्ते. घरी आल्यावर नातलगांना पत्र किंवा एखादा मराठी लेख. आणि, तिशी ओलांडलेल्या पदवीधर गृहस्थाने हे सांगावे की न सांगावे, रात्री तासभर संगणकावरचा खेळ. या सर्वांसाठी घरी एकच कळफलक घ्यावयाचा झाल्यास तो कसा असावा, आणि त्यासाठी खर्च करणे कितपत योग्य, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो. नाचता येईना अंगण वाकडे! ज्याला काम करावयाचे आहे तो मिळेल त्या साधनाने करतो; साधनाची चिकित्सा करणारा काम टाळू पाहतो. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या पूर्वजांच्या नावाने तो घेतला जातो, ते पूर्वज स्वतः असे वागत होते काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

आमच्या झाशीत शहराच्या पूर्वेस, लक्ष्मी दरवाजाबाहेर, लक्ष्मी ताल आहे. त्याच्या परिसरात महालक्ष्मीचे मंदिर आहे आणि १८५३ च्या नोव्हेंबरात निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्रीही आहे. सुटीच्या दिवशी आम्ही तेथे जातो तेव्हा लोकांस राणी आठवते, आणि ते उचितच आहे. आम्हांस मात्र त्या दरबारचे कारकूनही आठवतात. नेवाळकरांच्या संस्थानाचा हिशेब कोणीतरी मांडून बसून लिहीतच असणार. इतिहासाने त्यांची नावे फारशी जपली नाहीत. परंतु मराठी दफ्तरातील लेखनाची रीत आपणांस ठाऊक आहे. हातात बोरू, समोर दौत, शाई टिपण्यास बारीक वाळू, आणि लिपी मोडी. त्या काळचा लिहिणारा आपला बोरू स्वतः तासून घेई. टोकाचा उतार किती ठेवावयाचा, चीर किती द्यावयाची, हे ज्याच्या त्याच्या हाताच्या वळणावर अवलंबून असे. मोडी लिपी तर हाताच्या सोयीचाच विचार होय. आधी ओळभर शिरोरेघ आखून घ्यावयाची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरामागून अक्षर ओढीत जावयाचे. थोडक्यात, साधन हाताला जुळवून घेणे ही आळशी माणसाची पळवाट नसून लेखनव्यवसायाची जुनी शिस्त आहे.

ही शिस्त यंत्राने मोडली. शोल्स या अमेरिकन गृहस्थाने सिद्ध केलेले टंकलेखनयंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली विक्रीस आणले, आणि त्यातून रूढ झालेला इंग्रजी अक्षरांचा क्रम थोड्याफार फरकाने आजही आपल्या बोटांखाली आहे. आपल्या देशात गोदरेज कंपनीने १९५५ साली पहिले भारतीय टंकलेखनयंत्र बनविले. आता हाताने यंत्राशी जुळवून घ्यावयाचे होते. पुढे संगणक आला, त्याबरोबर स्वस्त रबरी कळफलक आला, आणि पाच-सहाशे रुपयांची ती वस्तू कार्यालयाच्या साठानोंदवहीत एक क्रमांक होऊन बसली. कर्मचारी निवड आयोगाच्या चाचणीत मिनिटाला इंग्रजीचे पस्तीस किंवा हिंदीचे तीस शब्द मागितले जातात, म्हणजे तासाला अनुक्रमे सुमारे १०,५०० आणि ९,००० वेळा कळ दाबणे आले. एवढे श्रम करणाऱ्या बोटांस काय सोसते हे मात्र कोणी विचारीत नाही.

रबरी कळफलकात कळीखाली रबराची घुमटी असते. ती पूर्ण दबली म्हणजेच अक्षर उमटते. म्हणून प्रत्येक अक्षरागणिक बोट तळावर आपटते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्विच असतो. चेरी या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या आणि पुढे अनेकांनी अनुकरण केलेल्या रचनेत कळ चार मिलिमीटर खाली जाऊ शकते, परंतु अक्षर दोन मिलिमीटरवरच उमटते. सरावलेले बोट तेथूनच परत फिरते, तळापर्यंत जाण्याचे त्यास कारण उरत नाही. या स्विचांच्या तीन मुख्य जाती आहेत, आणि रूढ संकेताने त्या रंगावरून ओळखल्या जातात. लाल स्विच सरळ, विनाअडथळा खाली जातो. त्यास सुमारे ४५ ग्रॅम वजनाचा दाब पुरतो. तपकिरी स्विचात, अक्षर उमटण्याच्या सुमारास, बोटाला एक लहानसा उंचवटा जाणवतो. निळ्यात तो उंचवटाही आहे आणि वर टिचकीचा स्पष्ट आवाजही.

खेळणाऱ्याचा ओढा सहसा लाल स्विचाकडे असतो, कारण खेळात विचार आणि कृती यांत अंतर नको असते. रुपेरी म्हणून ओळखला जाणारा स्विच तर सव्वा मिलिमीटरच्या आतच आपले काम करतो. लिहिणाऱ्याची गरज निराळी आहे. नुसत्या टेकलेल्या बोटाने अक्षर उमटले, तर त्याचा अर्धा वेळ खोडण्यात जातो. त्यातून आपण नागरीत लिहिणारे. सरकारने प्रमाण मानलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत क साठी एक कळ, आणि ख साठी तीच कळ शिफ्टसह दाबावी लागते. हिंदीच्या कळफलकावरही ळ आहे, परंतु तो ल च्याच कळीवर शिफ्ट धरून मिळतो. दिवसभर हिंदी लिहिताना त्याची गरज पडत नाही. रात्री मराठी लिहावयास बसलो की डाव्या करंगळीस ती पडू लागते. म्हणून नागरीत लिहिणाऱ्याने कळफलक पारखताना शिफ्टची कळ करंगळीने दाबून पाहावी. ती जड असेल तर बाकीचे गुण व्यर्थ आहेत. अंकांचे तक्ते भरणाऱ्याने उजवीकडील अंकांचा गट सोडू नये, जरी खेळणारे माऊससाठी मोकळी जागा मिळावी म्हणून तो सोडतात. आणखी एक गोष्ट अशी, की यांत्रिक कळफलक बहुधा उंच असतो. मेज उंच असेल तर मनगट मागे वाकते आणि पैसे देऊन दुखणे विकत घेतल्यासारखे होते.

येथवर सोयीचा विचार झाला. परंतु सोय आणि चैन यांतील सीमारेषा कोठे आखावी? दुकानात दोन हजारांपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंत किमती आहेत, आणि खेळाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कळफलकांत रंगीबेरंगी दिवे लुकलुकतात. आमच्या मते याची कसोटी किमतीत नसून लक्षात आहे. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्याच्या जोडीला सुख घातले आहे, ते सुखासाठी नव्हे. शरीराची कुरबुर थांबावी आणि मन पुढे जावे म्हणून. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात पेटीत मावणाऱ्या चरख्याच्या सुधारणेत मन घातले, आणि अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. सूत काढणारीचा हात हलका व्हावा ही इच्छा त्यांना व्रताच्या आड येणारी वाटली नाही. ज्या साधनामुळे साधनाचा विसर पडून काम दिसू लागते, ते सुख होय. ज्यामुळे काम बाजूला राहून साधनच पुन्हापुन्हा न्याहाळावेसे वाटते, ती चैन होय. दिवे दुसऱ्या वर्गात पडतात, चांगली स्प्रिंग पहिल्या.

परंतु ही कसोटी अपुरी आहे, कारण ती एकट्या माणसाची आहे. निळ्या स्विचाची टिचकी लिहिणाऱ्यास सुखावते. शेजारच्या मेजावर एखाद्या निवृत्तिवेतनधारकाचे म्हणणे दूरध्वनीवर कान देऊन ऐकणाऱ्या सहकाऱ्यास तीच टिचकी छळते. रात्री दोन खोल्यांच्या घरात परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीसही छळते. आपले लक्ष एकाग्र करण्यासाठी दुसऱ्याचे लक्ष मोडणे हे सुख न्याय्य म्हणता येणार नाही, मग ते स्वतःच्या पैशाने का घेतलेले असेना. निळ्याचे सुख ज्याचे घर मोकळे आहे त्याने जरूर घ्यावे.

आमची निवड तपकिरी स्विचाची झाली, आणि खेळात तो किंचित मागे पडतो हे मान्य करूनच झाली. पूर्वी आम्हांसही वाटे की सुख म्हणजे अडथळ्याचा अभाव. जितके हलके तितके चांगले. विचार केल्यावर असे दिसते, की सुख म्हणजे योग्य जागी ठेवलेला, मोजका अडथळा. तपकिरी कळीतील उंचवटा बोटाला रोखीत नाही. अक्षर आता उमटेल एवढे त्यास सुचवितो. खेळात चुकीची कळ दाबली गेली तर गेलेला जीव पुढच्या डावात परत मिळतो. कार्यालयात तेवढ्याच वजनाच्या दाबाने कुटुंब निवृत्तिवेतन मागणाऱ्या एखाद्या विधवेचा अर्ज क्षुल्लक आक्षेपासह परत जातो, आणि तिचे काही महिने परत मिळत नाहीत. बोरूने तो आक्षेप लिहावयास वेळ लागला असता, आणि त्या वेळात कदाचित दया आली असती. आज मागच्या आक्षेपाची नक्कल करून चिकटविण्यास चार कळी पुरतात.

कळफलकातील उंचवटा माणसास दयाळू करीत नाही, एवढे आम्हांस कळते. तो अडथळा आपला आपणच मनात बसवून घ्यावा लागतो. परंतु ज्याची बोटे दुखत नाहीत, मनगट अवघडलेले नाही आणि शेजाऱ्याशी ज्याची कुरबुर नाही, त्यास समोरचा अर्ज दुसऱ्यांदा वाचण्याइतकी स्वस्थता उरण्याचा संभव अधिक. हाताचे सुख मागण्यास यापरते समर्थन आम्हांस ठाऊक नाही. आणि ती उरलेली स्वस्थता जर त्या अर्जाच्या वाट्यास गेली नाही, तर दहा हजारांचा कळफलकही महाग आणि पाचशेचाही महागच.