नेमके अडते कुठे?

काम अडले म्हणजे माणसाला दोन गोष्टी चटकन सुचतात. पहिली, कोणाला तरी दोष देणे. दुसरी, खिशात हात घालणे. ते नेमके कुठे अडले आहे हे पाहण्याची बुद्धी तिसरी, आणि ती बहुधा पहिल्या दोन्ही गोष्टी उरकल्यावरच येते. हा क्रम उलटा करता आला तर घरातला पैसा वाचेल हे उघड आहे. पण मला वाटते, पैशाहून मोलाचीही एक वस्तू वाचेल. ती म्हणजे न्याय.

हा विचार ज्या निमित्ताने सुचला ते ऐकून वाचक कदाचित हसतील. माझ्या भाच्याला घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा नाद आहे. हा खेळ तसा जुना. मायक्रोसॉफ्टने आपल्या 'फ्लाइट सिम्युलेटर'ची पहिली आवृत्ती १९८२ साली काढली, तेव्हा जमीन म्हणजे पडद्यावरच्या चार रेषा आणि रंगाचे पट्टे एवढाच प्रकार होता. २०२० साली जी आवृत्ती आली तिच्यात मात्र अवघी पृथ्वी आहे; उपग्रहांनी आणि विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून रचलेली. भाचा लंडनवरून उडू लागला की विमान ठेचकाळत चाले. नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे, असे बापलेकांनी ठरवून टाकले होते. किंमत ऐकून बहिणीचा चेहरा उतरला, आणि प्रकरण माझ्यापर्यंत आले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगणकाच्या पोटात काय असते ते मी भाच्याकडूनच समजून घेतले. पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. सेकंदाला ३० चित्रे हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे ३३ सहस्रांश सेकंद येतात. ६० हवी असतील तर १७देखील येत नाहीत. एवढ्या वेळात दोन कामकरी राबतात. प्रोसेसर हिशेब करतो: विमान कुठे आहे, वारा कुठला, खाली कोणती घरे दिसायला हवीत. ग्राफिक्स कार्ड त्या हिशेबाबरहुकूम पडद्याचा ठिपकान् ठिपका रंगवते.

दिवाळीच्या करंज्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. एकजण पाऱ्या लाटते, दुसरी सारण भरून मुरड घालते, तिसरी तळणीला बसते. ताट किती वेगाने भरायचे हे या तिघींतली सर्वांत सावकाश असेल ती ठरवते. तळणारी हातात झारा घेऊन वाट पाहत बसली असेल, तर मोठी कढई आणून एकही करंजी जास्त व्हायची नाही. उलट, येणारा-जाणारा त्या रिकाम्या बसलेल्या तळणारीलाच आळशी ठरवील!

तेव्हा मी म्हटले, बाजारात जाण्याआधी एक दुपार परीक्षेला देऊ. विमान तेच, विमानतळ तोच, वेळ तीच. हवामानही ठरावीक, कारण खऱ्या हवामानाशी जोडले की ढग दर तासाला निराळे. चित्रांची गती पडद्याच्या गतीशी बांधून टाकणारी एक कळ असते, तीही आधी सोडली. कित्येकदा यंत्र मुळीच अडलेले नसते. आपणच कधीतरी घातलेली मर्यादा आपण विसरलेलो असतो.

पहिल्या खेपेस सेकंदाला ३१ चित्रे मोजली. मग एकच गोष्ट बदलली. पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा होता, तो १२८० गुणिले ७२० केला. म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपक्यांऐवजी सव्वानऊ लाखांच्या आत. रंगवणाऱ्याचे काम निम्म्याहून कमी. चित्रे किती झाली? ३२. रंगवणारा अडवत असता तर गती चांगलीच वाढायला हवी होती. मग पडदा पूर्ववत करून विमानतळावरची वर्दळ आणि दूरवरच्या जमिनीचा तपशील कमी केला, म्हणजे हिशेबनिसाचे ओझे उतरवले. आकडा ४३ वर गेला. ज्या कार्डाला घराबाहेर काढायचे ठरले होते ते बिचारे हिशेबाची वाट पाहत बसले होते.

भाचा सहजासहजी ऐकणारा नव्हे. त्याने तक्ता उघडून दाखवले, की प्रोसेसरची जेमतेम पाव शक्ती वापरात आहे. मग तो अडवील कसा? शंका रास्त होती. पण प्रोसेसर म्हणजे एक माणूस नव्हे, ते कारकुनांचे एक दालन आहे. आठांपैकी सात मोकळे असले, आणि प्रत्येक कागद एकाच हेडक्लार्कच्या सहीसाठी खोळंबत असला, तर सरासरीत दालन रिकामेच दिसणार. जीन ॲमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली हाच मुद्दा मांडला होता. कामाचा चौथा हिस्सा एकट्यानेच करण्याजोगा असेल, तर बाकीच्या कामाला हजार हात लावले तरी एकंदर वेग चौपटीच्या पुढे जाऊ शकत नाही.

शेवटी आम्ही समुद्रावर, दाट ढगांत उड्डाण केले. तिथे पडदा लहान करताच गती भरभर वाढली! खाली घरे नाहीत, वर्दळ नाही. हिशेब थोडा, आणि ढग रंगवण्याचे काम अवजड. म्हणजे लंडनवर जो निर्दोष होता तोच समुद्रावर अडवणारा ठरला. अडवणे हा कोणाचा स्वभाव नसतो. काम बदलले की अडण्याची जागाही बदलते.

यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट पैशावर निभावते. माणसांच्या बाबतीत आपण याहून किती उतावीळ असतो!

माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात कच्चा, अशी त्याची ख्याती त्याच्याआधी वर्गात पोचली होती. घरच्यांनी शिकवणी लावली, खेळ बंद केला, नवी पुस्तके आणली, मार दिला. सगळे एकाच महिन्यात. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर कशाने काय झाले हे कोणाला कळणार? मी त्याला उदाहरण वाचून दाखवले, एवढेच. तेच उदाहरण, तेच आकडे. त्याने उत्तर तोंडी सांगितले, आणि ते बरोबर होते. दुसरे विचारले, तेही बरोबर. मुलगा गणितात अडतच नव्हता. ओळ वाचता वाचता त्याचा सगळा वेळ संपत होता, आणि गणित आत वाट पाहत बसले होते.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दोन्ही ठिकाणी कसोटी लावली ती काही वाढवून नव्हे, मागणी कमी करून. पडदा लहान केला. वाचन काढून घेतले. यात खर्च नाही, आणि कोणाला इजाही नाही. यंत्र पुन्हा होते तसे करता येते. मुलाला पुन्हा कालच्या सकाळी नेऊन बसवता येत नाही; त्याच्यावर केलेला प्रत्येक प्रयोग त्याच्या लक्षात राहतो. म्हणून माणसाच्या बाबतीत आधी आपले मागणे थोडे उतरवून पाहावे, असे मला वाटते. शिक्षा आणि शिकवणी यांना घाई नसते.

पण एक अडसर दूर केला की दुसरा पुढे येतो. मग हे थांबायचे कुठे? याचे उत्तर यंत्रापाशी नाही, आणि दुकानदाराकडे तर मुळीच नाही. ते आपल्या हेतूपाशी असते. भाच्याने वर्दळ थोडी कमी ठेवली आणि चाळीस-बेचाळीस चित्रांत तो आनंदाने लंडनवर उतरू लागला. त्याला उडायचे होते. आकडा मिरवायचा नव्हता.

त्या मुलाच्या वडिलांना मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मास्तर, तो वाचनात कच्चा म्हणायचा?"

मी म्हटले, "वाचनात अडला आहे म्हणा."

त्यांना त्यात फारसा फरक वाटला नसावा. मला मात्र वाटतो. कच्चा हा शब्द मुलाला चिकटतो. अडला म्हटले, की निदान जागा शोधायला आपण उठतो.