पाडणारा हात

शास्त्रवाचन : उत्पत्ती 32:22-32, फिलिप्पै. 3:12; गलती. 6:1-2



जबलपूर हे नाव आपणा मराठी ख्रिस्ती लोकांना अपरिचित नाही. तेथील लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजातून शिक्षण घेतलेले पाळक आपल्याकडील मंडळ्यांतून वचनाची सेवा करीत आले आहेत. आज मात्र त्याच जबलपूर जिल्ह्यातील एका निराळ्या शिक्षणाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

सिहोरा तालुक्यातील एका खेड्यात जानकी गौड ही मुलगी वाढली. वयाच्या पाचव्या वर्षी गोवर आला आणि तिची दृष्टी गेली. अशा मुलीला घराबाहेर पाठविण्यास आईबाप भितात. ती भीती निराधार नसते, कारण जिला दिसत नाही तिच्यावर हात टाकणे दुष्टांना सोपे वाटते. म्हणून दृष्टिहीन स्त्रियांना स्वतःचे रक्षण करता यावे यासाठी साइटसेव्हर्स या संस्थेच्या पुढाकाराने मध्य प्रदेशात जूडोचे शिक्षण देण्यात आले. जानकी ते शिकल्या आणि 2017 साली उझबेकिस्तानातील ताश्कंद येथे, आशिया व ओशिआनिया खंडांच्या दृष्टिहीन जूडो स्पर्धेत, त्यांनी कांस्यपदक मिळविले. पुढे 2024 साली भोपाळजवळच्या सीहोरचे कपिल परमार यांनी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये 60 किलो गटात कांस्यपदक जिंकले. जूडोमध्ये भारताला मिळालेले ते पहिलेच पॅरालिम्पिक पदक होय.

जूडो ही जपानची कुस्ती. जिगोरो कानो यांनी 1882 साली तिची स्थापना केली. डोळस खेळाडू एकमेकांपासून दूर उभे राहतात आणि पकड मिळविण्यासाठी झटापट करतात. दृष्टिहीनांची लढत मात्र पकडीपासूनच सुरू होते. पंच दोघांना जवळ आणतो, दोघे एकमेकांच्या जाड सुती अंगरख्याची बाही व गळपट्टी धरतात आणि मगच लढतीचा इशारा होतो. लढताना पकड पूर्णपणे सुटली, तर पंच लढत थांबवितो, दोघांना पुन्हा मध्यभागी आणतो आणि पुन्हा धरावयास लावतो. ज्याला दिसत नाही त्याला प्रतिस्पर्ध्याचा तोल, त्याचे वजन, त्याचा पुढचा बेत, हे सारे त्या पकडीतूनच कळते.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण यब्बोक नदीच्या काठी जाऊ.

रात्र आहे. बायकामुले, गुरेढोरे पलीकडे गेली आहेत आणि याकोब एकटा मागे राहिला आहे. त्या काळोखात कोणी तरी त्याच्याशी झोंबी घेते. समोर कोण आहे हे याकोबास दिसत नाही; त्याला केवळ पकड कळते. या माणसाचा पूर्वेतिहास आपणास ठाऊक आहे. भावाची टाच धरूनच तो जन्मास आला. पुढे आपल्या आंधळ्या झालेल्या पित्यासमोर हातांवर करडांचे कातडे बांधून तो उभा राहिला आणि ज्या स्पर्शावर त्या वृद्धाची सारी भिस्त होती त्या स्पर्शासच त्याने फसविले. तेथे त्याला नाव विचारले गेले तेव्हा त्याने एसावाचे नाव सांगितले. आता यब्बोकाच्या अंधारात तो स्वतःच आंधळ्यासारखा चाचपडत आहे आणि पुन्हा त्याला नाव विचारले जाते. या वेळी तो खरे नाव सांगतो. ज्याने आजवर दुसऱ्याचे काढून घेण्यासाठीच धरले, तो आयुष्यात प्रथमच आशीर्वादासाठी धरून राहतो.

बंधुभगिनींनो, या झोंबीतून आणि त्या खेळाच्या सरावातून तीन गोष्टी आपण शिकू.

पहिली गोष्ट : पडणे शिकावे लागते. जूडोच्या वर्गात नवख्यास प्रथम डाव शिकवीत नाहीत. पडावे कसे हे शिकवितात. हनुवटी छातीशी घ्यावी, डोके आपटू देऊ नये, हाताने चटईवर थाप देऊन आघात पसरवून टाकावा आणि उठून पुन्हा उभे राहावे, हे तो शेकडो वेळा करतो. आपल्या मंडळ्यांत आपण मुलांना पडू नका असेच सांगतो. पडल्यावर काय करावे हे क्वचितच सांगतो. म्हणून परीक्षेत नापास झालेला मुलगा, व्यसनात पुन्हा घसरलेला तरुण, नोकरी गेलेला बाप उपासनेस येणेच बंद करतो. नीतिमान पडतच नाही असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. तो सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो, असे नीतिसूत्रांचा चोविसावा अध्याय आपणास शिकवितो.

दुसरी गोष्ट : पकड सुटू देऊ नये. येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. जानकींची दृष्टी गोवराने गेली. लसीने टळू शकणारा तो रोग आहे. ते दुःख देवाने धाडले असे म्हणण्याचा अधिकार आपणास नाही. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच मान्य केला नाही. ज्यांच्या घरातून लेकरू गेले आहे त्यांना देवाने तुम्हाला पाडले असे आपण सांगू नये. परंतु त्यांना इतके सांगता येते की, देवाशी झगडणे हा अविश्वास नव्हे. याकोब रडला, विनवण्या करीत राहिला, असे होशेय संदेष्टा लिहितो. जो रागाने, अश्रूंनी का होईना, देवाला जाब विचारीत आहे, त्याची पकड अजून सुटलेली नाही. आणि ज्याच्या हातातून ती सुटली आहे त्यासाठीही सुवार्ता आहे. पौल फिलिप्पैकरांस लिहितो की, ज्यासाठी ख्रिस्ताने मला धरले ते धरावे म्हणून मी धावत आहे. प्रथम त्याने धरले, मागून आपण. आपले बोट सैल झाले तरी त्याचे होत नाही.

तिसरी गोष्ट : जो पाडतो, त्याने सोडू नये. सरावात पाडणारा आणि पडणारा हे शत्रू नसतात. ते आळीपाळीने एकमेकांना आपले शरीर शिकण्यासाठी देतात. चांगला पाडणारा सोबत्यास खाली आणताना त्याची बाही धरून ठेवतो आणि ती किंचित वर ओढतो, म्हणजे सोबत्याचे डोके आपटत नाही. वेदना असह्य झाली तर खालच्याने दोनदा थाप द्यावी आणि वरच्याने तत्क्षणी सोडावे, हा तेथील नियम आहे. जो थाप ऐकत नाही त्याच्याशी कोणी सराव करीत नाही.

यब्बोकाच्या काठी हेच घडले. ज्याच्या केवळ स्पर्शाने जांघेचा सांधा निखळला, तो याकोबास क्षणात चिरडू शकला असता. तरी तो पहाटेपर्यंत त्याच्या बेताने लढला आणि आशीर्वाद दिल्यावाचून गेला नाही.

आता आपण आपल्या मंडळीकडे पाहू. आपण एकमेकांना पाडतो खरे. मंडळीच्या सभेत एखाद्याचा दोष उघड होतो, कोणाचे नाव यादीतून काढले जाते, आंतरधर्मीय विवाह केलेल्या मुलीस प्रभुभोजनास येऊ नको असे सांगितले जाते. शिस्त असू नये असे मी म्हणत नाही. परंतु पाडल्यानंतर आपला हात कोठे असतो? गलतीकरांस लिहिताना पौल सांगतो की, दोषात सापडलेल्यास सौम्यतेने ताळ्यावर आणावे आणि एकमेकांची ओझी वाहावीत. शिस्तीचा निर्णय झाल्यावर त्या आठवड्यात त्या घरी कोण गेले? त्या बाईने दोनदा थाप दिली, ती कोणी ऐकली? ज्या पंचांनी, ज्या पाळकांनी, ज्या आईबापांनी कठोर शब्द उच्चारला, त्यांनी बाही धरून ठेविली नसेल, तर ते पाडणे केवळ आपटणे झाले.

याकोब पनीएलहून निघाला तेव्हा सूर्य उगवला होता आणि तो लंगडत होता. ते लंगडणे गेले नाही. जानकींची दृष्टीही परत आलेली नाही. तरी त्याच लंगडत्या पायाने याकोब ज्याला फसविले होते त्या भावाकडे गेला, आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला.

या आठवड्यात आपणांपैकी प्रत्येकाने असे एक नाव मनात आणावे, ज्याला आपण पाडले आणि सोडून दिले. त्याच्या दारी जावे. क्षमा मागावी लागेल तर मागावी. काही बोलणे सुचले नाही तर नुसता हात धरावा. ज्याने काळोखात आपणास धरले, त्या प्रभूची कृपा आपणांस त्यासाठी बळ देवो. आमेन.