‘इकडे सर्व ठीक आहे’



पत्नी कुवेत किंवा मस्कतच्या इस्पितळात परिचारिका आणि पती मुलाबाळांना घेऊन वसईत, अशी घरे आपल्याला नवी नाहीत. पूर्वी तिकडून एअरोग्राम यायचे, आता मोबाईलवर मजकूर येतो. पहिले वाक्य मात्र तेच राहिले आहे : ‘इकडे सर्व ठीक आहे, काळजी करू नका.’ सलग नाइट ड्यूटीने पाय सुजले आहेत, खोलीतल्या बाईशी पटत नाही, धाकट्याच्या आठवणीने झोप येत नाही, यातले काहीच त्यात नसते. इकडून पतीही कळवतो, ‘आईची तब्येत बरी आहे.’ आईला दवाखान्यात दाखल करून तो हे लिहीत असतो.

हे खोटे बोलणे झाले का? संत ऑगस्टीन यांना विचाराल तर हो. हेतू कितीही चांगला असला तरी त्यांनी असत्याला सूट दिली नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही असत्याला पापच म्हटले, पण दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेल्या असत्याचा दोष हलका मानला आणि सत्य शहाणपणाने राखून ठेवायला मुभा दिली. सेमिनरीत आम्ही यावर तावातावाने वाद घालत असू. (संसाराचा अनुभव कोणालाच नव्हता, ही गोष्ट वेगळी!)

आम्हाला वाटते, पतिपत्नींमध्ये हा प्रश्न थोडा निराळा आहे. शेजाऱ्याला आपले दुःख सांगायला आपण बांधील नाही. पण वेदीपुढे सुखदुःखात साथ देण्याचे वचन दिले-घेतले, तेव्हाच आपल्या दुःखावर जोडीदाराचा हक्क लागला. ते लपवले की त्याला आपले वचन पाळायची संधीच उरत नाही.

अर्थात खरे लिहायचे तर वाचणाराही तसा हवा. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या त्या नोकरीसाठी नव्हे, वैद्यकीय शिक्षणासाठी. पण पती मागे राहिले होते आणि दुवा पत्रांचाच होता. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी त्यांना संशयाची, टोचणारी पत्रे पाठवली. आनंदीबाईंनी उत्तरात, लहान वयात सोसलेल्या त्यांच्या मारहाणीचा स्पष्ट उल्लेख केला आणि ती वागणूक चांगली म्हणावी की वाईट हे ठरवणे कठीण आहे, असेही लिहिले. एवढे धैर्य सगळ्यांना कुठून असणार? आज एखादी ‘थकले’ असे लिहिते आणि उत्तर येते, ‘मग ये निघून,’ नाहीतर ‘हप्ता कोण भरणार?’ असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी ती ‘सर्व ठीक’च लिहिणार.

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना, पतिपत्नींनी प्रार्थनेसाठी का होईना, एकमेकांपासून दूर राहायचे तर दोन अटी घातल्या : दोघांची संमती आणि तीही काही काळापुरती. आखातातला करार बहुधा दोन वर्षांचा असतो. तो संपतो, पुढची दोन वर्षे सुरू होतात आणि ‘आणखी किती?’ हे कोणी कोणाला विचारत नाही. तिला वाटते, घराचे काम अजून राहिले आहे, त्याला मी इतक्यात परतलेली चालणार नाही. त्याला वाटते, ती तिकडे रमली आहे. स्वतःच लिहिते ना, सर्व ठीक आहे म्हणून. आणि सही होऊन जाते.