रानांतील वाट कोणाची?

जमीन कोणाची, या प्रश्नाचें उत्तर सात-बाराच्या उताऱ्यावर मिळतें. परंतु त्या जमिनीवरून जाण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत रान थोडें आहे. बालाघाटाचे माळ, गायरानें व कांहीं राखीव जंगल, एवढेंच. म्हणूनच त्यांत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीवाटेचें मोल येथें अधिक आहे.

लांकूड किंवा गवत वाहून नेण्याकरितां रानांत वाट पाडिली, म्हणजे तिजवरून हळूहळू गुराखी, यात्रेकरू व पलीकडच्या शेताचा धनी असे सर्वच जाऊं लागतात. पुढें एके दिवशीं तेथें फाटक लागतें. एक पक्ष म्हणतो, ज्यानें वाट केली त्याची ती. दुसरा म्हणतो, जो चालतो त्याची ती. यांत न्याय कोणता?

१९२७ च्या भारतीय वन कायद्याचें २५ वें कलम येथें विचार करण्याजोगें आहे. राखीव जंगलांतील वाट सरकारच्या पूर्वसंमतीनें बंद करितां येते. मात्र तिच्या ऐवजीं सोयीची दुसरी वाट असली किंवा करून दिली पाहिजे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वयें शेतास जाण्याकरितां दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागतां येते, व तिचा निर्णय तहसीलदार करितो. दोहोंच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे: मालकास अडविण्याचा अधिकार आहे, कोंडण्याचा नाहीं.

यावर कोणी म्हणेल, वाट मोकळी ठेविली तर तिच्यामागून कुऱ्हाडही येईल. ही भीति खोटी नव्हे. येडशी-रामलिंग घाटाचें सुमारें २२ चौरस किलोमीटरांचें रान १९९७ मध्यें अभयारण्य ठरलें, तें अशाच कारणास्तव. तथापि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही अभयारण्यांतील सार्वजनिक हमरस्त्यानें जाणाऱ्यास व आंत स्थावर मिळकतीचा हक्क असणाऱ्यास परवान्यावांचून जाऊं देतो. तोडणारा एक व फाटकापाशीं थांबणारा दुसराच, असें झाल्यास दोष कुऱ्हाडीचा व शिक्षा पायांना होते. महात्मा फुले यांनीं १८८३ मध्यें लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत गांवकऱ्यांचीं कुरणें जंगलांत सामील केल्याबद्दल तक्रार केली, तिचें मर्म हेंच होतें.

परंतु वाट मिळाली म्हणजे रान मिळालें, असें समजूं नये. जाण्याचा हक्क जाण्यापुरताच. ज्या वाटेनें आपण रिकाम्या हातीं गेलों, तिनेंच हिरवा फांटा घेऊन परतलों, तर पुढील मनुष्याची वाट आपणच बंद केली.

आणखी एक गोष्ट वाचकांनीं मनाशीं तपासून पाहावी. रानाच्या फाटकाविरुद्ध अर्ज करणारा मनुष्य पुष्कळदां आपल्या शेजारची पाणंद दरवर्षीं एकेक तास नांगरून आंत घेतो. मग पेरणीच्या दिवसांत मागच्या शेतांतील विधवेची गाडी चिखलांत अडते, आणि काढणीच्या वेळीं तिची रास डोक्यावरून वाहावी लागते. सरकारापाशीं मागितलेला न्याय आपल्या बांधावर नाकारणें हा दांभिकपणा होय. ज्यास रानाची वाट मोकळी हवी, त्यानें प्रथम आपल्या शिवेवरील वाट मोकळी करावी.